तारेनं बांधलेली गाडी

आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गाडीचं आपल्याला काय करायचंय? पण बाजाराला वडापनं जातं कोण? ऊसतोडीला ट्रॉलीत बसतं कोण? रात्री लेकरू तापलं की शेजारची जीप सांगायला धावतं कोण? आपणच. मग ती गाडी कशानं बांधलीय, हे आपल्याला कळायला नको?

आडरानात गाडी बंद पडली तर आपल्याकडचा ड्रायव्हर गॅरेजची वाट बघत नाही. हाताला येईल त्यानं तो ती चालती करतो. हे कसब आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. रेडिएटर थेंब थेंब गळायला लागला की कुणीतरी जवळच्या घरातून हळद मागून आणतं. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक भोकात अडकून बसते आणि गळती थांबते. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर तिथं साबणाची वडी घासतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो काही वेळ धरून राहतो. ॲक्सिलेटरची वायर तुटली तर सुतळी बांधून हातानं ओढतात. सायलेन्सर लोंबला तर तारेनं वर बांधतात. पाण्याचा पाइप फुटला तर सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट गुंडाळतात.

हे कौतुकाचंच आहे. पण ही सगळी ठिगळं आहेत, मैत्रिणींनो, आणि ठिगळा-ठिगळात फरक असतो. गोधडीचं ठिगळ उसवलं तर थंडी वाजेल. गाडीचं कुठलं ठिगळ उसवलं तर काय होईल, हे ओळखायला आम्ही एक सोपा प्रश्न ठरवलाय. हे सुटलं तर गाडी बंद पडेल, की गाडी आवरणारच नाही?

बंद पडणार असेल, तर खोळंबा होईल एवढंच. सुतळी तुटली, हळद सुटली, तर उतरून झाडाखाली बसू. मात्र तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणाला उघडू देऊ नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर उडतं. आणि साबण लावलेल्या टाकीजवळ विडी-काडी नको.

गाडी आवरणार नसेल, तर तिच्यात पाय ठेवायचा नाही. पहिला ब्रेक. ब्रेक ऑइल संपलं म्हणून कुणी साबणाचं पाणी घालतं. घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, त्या पाण्याची वाफ होते आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. दुसरं स्टिअरिंग. तिथं तार चालत नाही. तिसरा टायर. चिरलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात, त्याला गेटर म्हणतात. त्यावर रिकामी गाडी हळू हळू पंक्चरच्या दुकानापर्यंत नेता येईल, पण माणसं भरून पळवायची नाही. चौथा फ्यूज. भार वाढला की त्यानं वितळायचं, हेच त्याचं काम. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद नाहीतर जाड तार घातली, तर फ्यूज वाचतो आणि वायरिंग पेटतं.

आणि पाचवी ट्रॉलीची पिन. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या पिनेला खाली क्लिप असते. ती हरवली की तारेचा वेढा देतात. खड्ड्यात दणका बसून तार तुटली तर पिन वर उडते आणि ट्रॉली सुटते. खरं तर ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. त्यात बसून अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायलाही अडचण येते. पण तोडीला जाणाऱ्या बाईला कुठं निवड असते? म्हणून निघण्याआधी चारजणींनी मिळून मुकादमाला सांगायचं, "दादा, क्लिप बसवा, मागं लाल रिफ्लेक्टर लावा, मगच आम्ही चढू." एकटीचं कुणी ऐकत नाही, चारजणींचं ऐकावं लागतं.

ड्रायव्हरही आपल्याच गावचा असतो, कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा. हौस म्हणून कुणी तार बांधत नाही. गाडीचा हप्ता तटलेला असतो, सुटा भाग महाग असतो. म्हणून त्याला कमीपणा वाटेल असं बोलू नका. "भाऊ, ब्रेकचं काम पक्कं झालं का?" एवढं विचारा. सभासदाच्या घरची गाडी असेल तर गटाच्या बैठकीत विषय घ्या. शेळीला, शिलाई मशीनला आपण कर्ज देतो. मग जिच्यात आपण सगळ्या बसतो, तिच्या ब्रेकला का देऊ नये? गॅरेजची पावती बघायची आणि वडापच्या कमाईतून हप्ते फेडून घ्यायचे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटात ११२, हे दोन नंबर लेकीसुनांना पाठ करून ठेवा. आणि पुढच्या बाजाराला वडापमध्ये चढण्याआधी एकदा चाकांकडं बघा.