शाळेची सुधारणा आणि घराचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



 मी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढची सारी हयात या भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांत फळ्यासमोर घालविली. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले आणि ज्यात माझ्या हातूनही चूक घडली, तेवढेच आज आपणापुढे मांडणार आहे.

शाळा सुधारली पाहिजे, याविषयी आपल्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो सुधारणा कोणी करावयाची याविषयी. आपण म्हणतो, शासनाने करावी. शासन म्हणते, शिक्षकाने करावी. आणि शिक्षक पालकाकडे बोट दाखवितो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने या वादाचे उत्तर देऊन ठेवले आहे. प्रत्येक शासकीय व जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि शाळेच्या विकासाचा आराखडा याच समितीने तयार करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शाळेत आधी काय सुधारावे, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे. पण हा अधिकार आपण कसा वापरतो? सभेचा निरोप येतो, आपण बांधीवर असतो. संध्याकाळी कोणीतरी नोंदवही घेऊन दारी येतो आणि आपण उभ्याउभ्या सही करून मोकळे होतो.

सेवानिवृत्तीनंतर आमच्या गावच्या समितीने असा आराखडा लिहिताना मला सल्ल्यासाठी बोलाविले होते. प्रथम जी यादी झाली, तीत आवारभिंत होती, रंगरंगोटी होती, संगणक होता, प्रवेशद्वारावर कमान होती. यातील एकही वस्तू वाईट नाही. परंतु मी विनंती केली, की चौथीच्या मुलांना एकेक करून बोलवा आणि दुसरीच्या पुस्तकातील एक पान वाचावयास द्या. मुले आली. काहींनी सुरेख वाचले. काहींनी अक्षरावर बोट ठेवले आणि ते बोट तेथेच राहिले. एक पालक आपल्या मुलाकडे पाहत होते. त्यांची मान खाली गेली. त्यानंतर कमानीचा विषय कोणी काढला नाही.

त्या दिवशी यादी फाडून नवी लिहिली. पहिले काम, तिसरी संपण्यापूर्वी प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे. दुसरे, त्याला बेरीज-वजाबाकी करता आली पाहिजे आणि बाजारहाटाचा हिशेब कळला पाहिजे. तिसरे, मूल रोज शाळेत आले पाहिजे. इमारतीची कामे त्यानंतर. केंद्र शासनाने २०२१ साली निपुण भारत नावाने जे अभियान सुरू केले, त्याचाही रोख तिसरीअखेर वाचन व अंकज्ञान यांवरच आहे. मार्च २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ लहान मुलांचे वर्ग बंद राहिले, तेव्हा ज्यांचे अक्षर सुटले ती मुले पुढच्या वर्गांत गेली, पण अक्षर मागेच राहिले. पाया कच्चा ठेवून वर मजले चढविण्यात काय अर्थ आहे?

आता तिसऱ्या कामाविषयी, म्हणजे हजेरीविषयी, अंमळ विस्ताराने बोलतो; कारण पहिली दोन कामे गुरुजींची असली, तरी तिसरे आपले आहे.

आपला जिल्हा धानाचा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि पाटी-पुस्तकाची ओळख होते न होते तोच रोवणी लागते. आई बांधीत पऱ्हे रोवीत असते. धाकटे मूल सांभाळावयास थोरली मुलगी घरी राहते. दिवाळीच्या आगेमागे कापणी व मळणी येते. मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांत पहाटे मोहफुले वेचावयाची असतात. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षात किमान २०० दिवस चालले पाहिजेत. समजा, या तिन्ही हंगामांत मिळून आपल्या मुलाचे ५० दिवस गेले. चार वर्षांत २०० दिवस झाले. म्हणजे चौथी पास झालेल्या त्या मुलाने प्रत्यक्षात तीनच वर्षे शाळा केली. एक संपूर्ण वर्ष आपण त्याच्या हातून काढून घेतले आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी होती. बुद्धीने चलाख, पण रोवणीपासून दिवाळीपर्यंत तिचे दर्शन क्वचितच होई. मी दोनदा घरी जाऊन सांगितले, बाप म्हणाला, "गुरुजी, पोटाचे आधी." मलाही ते पटल्यासारखे झाले. तपासणीत हजेरी कमी दिसू नये म्हणून मी तिच्या नावापुढे हजेरी मांडीत गेलो आणि वर्षअखेर तिला पुढे ढकलले. मला वाटले, मी गरिबावर उपकार केला. पुढे कितीतरी वर्षांनी तालुक्याच्या गावी बँकेत एक बाई पैसे काढण्याचा कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. कागद लिहून दिला, तिने अंगठा उठविला आणि हसून म्हणाली, "गुरुजी, तुमी त मले चौथी पास केलं होतं जी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. तो खोटा उपकार माझ्या खात्यावर आजही शिल्लक आहे. म्हणून शिक्षक बंधूंना माझी प्रार्थना आहे, की हजेरी खरी मांडा. आणि पालकांना विनंती आहे, की खरी मांडली म्हणून गुरुजींवर रागावू नका.

पोटाचे आधी, हे म्हणणे खोटे नाही. हातावर पोट असलेल्या घराची अडचण मी जाणतो. परंतु अडचण एका घराने एकट्याने सोसावी, असे कोठे आहे? रोवणीच्या तीन-चार आठवड्यांत गावातील दोन वडीलधाऱ्या बायांनी एका ओसरीवर धाकटी मुले सांभाळली, तर दहा मुली शाळेत जातील. आपण रोवणीला एकमेकांच्या बांधीत जातो, मग एवढे आपणास अवघड आहे काय?

दुसरी गोष्ट बोलताना थोडी कटू वाटेल. आपल्यापैकी ज्यांची परिस्थिती सुधारली, त्यांची मुले सकाळी गाडीत बसून शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. आपल्या लेकराला कोठे शिकवावे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे; मी दोष देत नाही. पण मुलाबरोबर घरही शाळेतून निघून जाते. सभेत उभे राहून प्रश्न विचारणारा पालक गेला, पट कमी झाला. आणि पट घटला की शिक्षकाची जागा व शेवटी शाळाच धोक्यात येते. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा ही भीती गावोगाव जाणवली. शाळा दूर गेली, तर सर्वांत आधी कोणाचे शिक्षण थांबेल? गाडी नसलेल्या घरच्या मुलीचे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मूल कोठेही शिको, गावच्या शाळेच्या सभेला या. ती शाळा तुमचीही आहे.

आणि ती केवळ आपल्या समाजाची नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. शाळेच्या एका बाकावर सर्व जातींची मुले बसतात. गुरुजी चांगले असले तर सर्वांना लाभतात, वाईट असले तर सर्वांचे नुकसान होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, ती कोणा एका जातीसाठी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. आजच्या कायद्यातही मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. दंड मात्र नाही. दंड नसला म्हणजे कर्तव्य संपले, असा अर्थ आपण घेऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. रोज शाळेत जा. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा. आले नाही तर आले नाही म्हणून सांगा. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेऊ नका, कारण उतरविलेले उत्तर वहीत राहते, डोक्यात जात नाही. आणि घरातला मोबाइल अभ्यासाच्या वेळी आईच्या हाती द्या.

पालकांकडूनही तीनच अपेक्षा आहेत. पहिली, जेवणानंतर मुलाला जवळ बसवून म्हणा, "आज काय शिकलास ते वाचून दाखव." आपणास वाचता येत नसेल तरी चालेल, मूल अडखळते की सरळ वाचते, हे ऐकणाऱ्या कानास कळतेच. दुसरी, हंगामात मूल घरी ठेवावेच लागले, तर गुरुजींना आधी सांगा आणि बुडालेला अभ्यास कधी भरून काढावयाचा ते विचारा. तिसरी, समितीच्या सभेस प्रत्यक्ष जा, आणि नोंदवहीवर सही करण्यापूर्वी वर काय लिहिले आहे ते वाचून घ्या किंवा वाचवून घ्या.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना. आज या व्यासपीठावर दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार झाला, आनंद वाटला. परंतु ही मुले दहावीपर्यंत पोहोचली. जी चौथीतच मागे राहिली, त्यांची नावे या स्मरणिकेत कधी येत नाहीत. तेव्हा पुढील वर्षापासून रोवणीच्या हंगामातही ज्या मुलीचा एक दिवस बुडाला नाही, तिचा आणि तिच्या आईचा सत्कार येथे व्हावा. शाल-श्रीफळाचा खर्च फारसा नाही. त्यासाठी लागणारी रक्कम मी माझ्या निवृत्तिवेतनातून देण्यास तयार आहे. याला दान समजू नये, बँकेतील त्या बाईचे माझ्यावरील देणे मी यथाशक्ती फेडीत आहे, एवढेच समजावे.