मतभेद आणि चोपदार

आषाढी वारीच्या दिवसांत नीरेचें स्नान आटोपून श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी सातारा जिल्ह्यांत प्रवेश करते आणि लोणंदला मुक्कामास येते. एरवीं कांद्याच्या बाजारपेठेमुळें ओळखलें जाणारें हें गांव त्या वेळीं वारकऱ्यांनीं फुलून जातें. पालखी तळावर पोहोंचली म्हणजे समाज-आरतीची वेळ होते. शेंकडों टाळ-मृदंग एकाच वेळीं दुमदुमत असतात. चोपदार आपला दंड उंच करतो आणि क्षणार्धांत सर्वत्र शांतता पसरते. मात्र एखाद्या दिंडीचे टाळ तसेच वाजत राहिले, तर त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक असतो: त्या दिंडीची कांहीं तक्रार आहे. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणें ऐकून घेतो, त्याची वासलात लागते, आणि मगच आरती होते.

एवढ्या मोठ्या समुदायांत तक्रारी उद्भवणारच. परंतु त्या मांडण्याची वेळ, जागा आणि रीत ठरलेली आहे. म्हणूनच आज टाळ वाजवीत राहिलेली दिंडी पुढें चांदोबाच्या लिंबापाशीं होणाऱ्या उभ्या रिंगणांत सर्वांबरोबर आनंदानें सामील होते.

श्रोतेहो, अशी रीत हाताशीं नसली म्हणजे काय होतें, हें एका अगदीं निराळ्या समाजाच्या हकीकतीवरून दिसून येतें. संगणकास आज्ञा देण्यासाठीं ज्या कृत्रिम भाषा रचल्या गेल्या आहेत, त्यांपैकीं ‘पायथन’ ही एक. ग्विदो व्हान रॉसम या डच गृहस्थानें 1989 च्या डिसेंबरांत तिच्या रचनेस आरंभ केला आणि 1991 सालीं ती लोकांपुढें आली. तिचें नांव सर्पावरून पडलें नाहीं. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी नटमंडळीवरून तें घेतलें आहे. ही भाषा कोणाच्या तिजोरींत बंद नाहीं. तिची मूळ संहिता कोणींहि वाचावी, तींत सुधारणा सुचवावी, इतकेंच नव्हे तर तिची नक्कल घेऊन स्वतंत्र वाट धरावी, अशी मोकळीक तिच्या परवान्यानेंच दिली आहे. देशोदेशींचे लोक, त्यांतले कित्येक कांहीं वेतन न घेतां, तिची निगा राखतात. आज शाळकरी मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत अनेकांच्या हातीं ती आहे.

जेथें सर्वांना बोलण्याचा अधिकार, तेथें शेवटचा शब्द कोणाचा? पायथनच्या समाजांत सुधारणेचा प्रस्ताव लेखी मांडावयाचा, त्यावर उघड चर्चा व्हावयाची, आणि अखेर व्हान रॉसम यांनीं निकाल द्यावयाचा, असा परिपाठ होता. सहकारी त्यांना प्रेमानें ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ म्हणत. जवळजवळ तीन दशकें हा कारभार चालला. कारण निकाल देणारा माणूस सुज्ञ होता आणि लोकांचें त्याच्यावर प्रेम होतें.

2018 सालीं 572 क्रमांकाचा प्रस्ताव आला. प्रश्न केवळ एका चिन्हाचा होता. लोणंदच्या बाजारांतला दाखला घेऊं. कांद्याचें पोतें काट्यावर चढतें; कारकून त्याचें वजन वहीच्या एका ओळींत लिहितो, आणि दुसऱ्या ओळींत तें पन्नास किलोंहून अधिक आहे किंवा कसें, हें ताडून पाहतो. ही जुनी रीत. नव्या चिन्हामुळें वजन टिपणें आणि ताडणें, दोन्ही कामें एकाच ओळींत होणार होतीं. पुरस्कर्ते म्हणत, यांत श्रम वांचतात, पुनरुक्ति टळते. विरोधक म्हणत, सुबोधता हेंच या भाषेचें भूषण. एका ओळींत दोन कामें कोंबलीं तर नवशिक्यानें ती वाचावी कशी? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु वाद लांबला, शब्द तिखट झाले, आणि चिन्हावरची टीका निकाल देणाऱ्यावर येऊन पडूं लागली.

व्हान रॉसम यांनीं प्रस्ताव मान्य केला. आणि त्याच वर्षीं 12 जुलै रोजीं अधिकारपद सोडीत असल्याचें जाहीर केलें. एका प्रस्तावासाठीं इतकें झगडावें आणि तरीहि इतक्या लोकांनीं आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हें पुन्हां सोसण्याची त्यांची इच्छा उरली नव्हती. त्यांनीं वारस नेमला नाहीं. लोकशाही, अराजक कीं हुकूमशाही, काय हवें तें तुम्हींच ठरवा, अशा आशयाचा प्रश्न मागें ठेवून ते बाजूस झाले. तें चिन्ह 2019 च्या आक्टोबरांत भाषेंत आलें. कोणी तें वापरतात, कोणी वापरीत नाहींत. भाषेचें कांहीं बिघडलें नाहीं. किंमत मोजली ती एका माणसानें.

हा समाज फुटला असता तर नवल नव्हतें. 2014 च्या अखेरीस संगणकक्षेत्रांतील ‘नोड’ नांवाच्या अशाच एका खुल्या कामांत कारभारावरून फूट पडली होती. असंतुष्ट मंडळींनीं स्वतंत्र शाखा काढली. पुढें कारभाराची नवी घडी बसली आणि 2015 च्या सप्टेंबरांत दोन्ही प्रवाह पुन्हां एक झाले. वेगळें होणें हें नेहमींच वैर नसतें. तुकाराममहाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं 1685 सालीं दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखींत नेण्याची प्रथा पाडली. पुढें एकोणिसाव्या शतकांत साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनीं ज्ञानेश्वरमहाराजांचा सोहळा स्वतंत्र केला. वाटा दोन झाल्या. पण पंढरीच्या उंबरठ्यावर, वाखरीस, दोन्ही पालख्या भेटतात.

पायथनची मंडळी मात्र फुटली नाहीं. त्यांनीं घाई न करतां कारभाराच्या सात योजना लिहून काढल्या आणि डिसेंबर 2018 मध्यें मतदान करून एक निवडली. पांच जणांची समिति. एकाच धन्याच्या चाकरींतले दोहोंहून अधिक सभासद तींत नसावेत. दोनतृतीयांश मतांनीं तिला दूर करतां यावें. आणि आपला अधिकार तिनें शक्य तितका कमी वापरून आधीं एकमत साधावें, असे तिचे दंडक. 1919 नव्हे, 2019 च्या आरंभीं निवडलेल्या या पहिल्या समितींत खुद्द व्हान रॉसमहि होते. आतां पांचांतले एक म्हणून.

अधिकार जेव्हां एका प्रिय व्यक्तींत सांठविलेला असतो, तेव्हां प्रत्येक मतभेद त्या व्यक्तीस लागलेला घाव होतो. चोपदाराचें तसें नाहीं. त्याच्या हातांतला दंड त्याच्या स्वतःच्या मोठेपणाचा नसून सर्वांनीं मानलेल्या रीतीचा असतो. म्हणून टाळ वाजत राहिले तरी तो दुखावत नाहीं, तिकडे चालत जातो. गणेशोत्सवाचें मंडळ असो, वाचनालय असो, कीं चार भावांचें घर असो, टाळ केव्हां ना केव्हां वाजत राहणारच. तो बंद पाडण्याची घाई करण्यापूर्वीं, तो ऐकावयास कोण जाणार आणि निकाल कसा लागणार, हें आधींच ठरलेलें असावें. मग आरतीस उशीर झाला तरी ती होते, आणि सर्वांच्या मुखानें होते.