गणित ठेवावे की सोडावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी कर्जत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या दिवशी गणितासारखा रूक्ष विषय कोणास रुचेल, अशी शंका आम्ही चिटणीसांपाशी बोलून दाखविली होती. परंतु दहावीचा निकाल लागला, की कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांतील आपल्या कुटुंबांतून एकच प्रश्न आमच्याकडे येतो. "गुरुजी, आता गणित ठेवावे की सोडावे?" पुष्कळदा हा प्रश्न येतो तेव्हा अर्ज भरून झालेला असतो. म्हणून त्याचे उत्तर एकदा सर्वांसमक्ष, आणि वेळेपूर्वी, द्यावे असे आम्हांस वाटले.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना अकरावीची शालान्त परीक्षा आठवत असेल. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी ही परीक्षा 1949 पासून घेतली जाऊ लागली, आणि 1975 साली प्रथमच ती दहावीच्या अखेरीस झाली. या बदलाने एक गोष्ट मोठी घडली. पूर्वी शाळा सुटली की पुढचा विचार महाविद्यालयात गेल्यावर होई. आता पंधराव्या वर्षीच, मिसरूड फुटण्याच्या आत, मुलास वाट निवडावी लागते. आणि या निवडीत जो विषय सर्वांत आधी गळतो, तो गणित.

आता क्रम पाहू. राज्य मंडळाच्या शाळांत नववी-दहावीस गणिताचे दोन भाग आहेत. पहिल्यात बीजगणित व त्याच्या अनुषंगाने येणारे विषय, दुसऱ्यात भूमिती. प्रत्येकाची लेखी परीक्षा 40 गुणांची. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 मिळून एकूण 100. मध्यंतरी काही वर्षे 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्याय उपलब्ध होता. तो नववीस 2017-18 पासून व दहावीस त्यापुढील वर्षापासून राहिला नाही. तेव्हा राज्य मंडळाच्या मुलास दहावीपर्यंत निवड अशी नाहीच. सर्वांस एकच गणित.

केंद्रीय मंडळाच्या शाळांत मात्र गोष्ट निराळी आहे. तेथे 2020 च्या परीक्षेपासून दहावीस 'स्टँडर्ड' व 'बेसिक' अशा दोन पातळ्या झाल्या. अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. मूळ योजनेनुसार बेसिक घेणाऱ्यास अकरावीत नेहमीचे गणित घेता येत नव्हते. पुढे काही वर्षी त्यात सवलत देण्यात आली. आपली मुले अलीकडे अशा शाळांत जाऊ लागली आहेत. पालकांनी बेसिकवर सही करण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम मुख्याध्यापकांस लेखी विचारावा. "सोपे आहे, गुण चांगले पडतील", एवढ्यावर विसंबू नये.

दहावीनंतर खरी चौवाट लागते. शास्त्रशाखेत गणित घेता येते, किंवा ते सोडून जीवशास्त्रासह पुढे जाता येते, किंवा दोन्ही ठेवता येतात. वाणिज्यशाखेत बहुतेक ठिकाणी गणित व 'चिटणिसाची कार्यपद्धती' यांतून एक घ्यावे लागते, आणि आपली दहातील नऊ मुले डोळे मिटून दुसरे घेतात. तसे करण्याआधी त्या गणिताचे पुस्तक एकदा चाळून पाहावे, एवढीच आमची विनंती. त्यात दलाली, विमा, वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी हे विषय आहेत. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या दुकानदारी चालत आली, त्या घरांतील मुलाने याला भ्यावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

शास्त्रशाखेचे गणित अधिक कठीण, हे आम्ही लपवीत नाही. अकरावीत निश्चयक, शांकव, संमिश्र संख्या, सीमा ही नवी मंडळी एकदम भेटीस येतात; बारावीत सदिश, अवकलन, संकलन व अवकल समीकरणे. परंतु ही इमारत अधांतरी उभी नाही. नववीतील संचावर अकरावीतील संबंध व फलने उभी आहेत; दहावीतील निर्देशक भूमितीवर सरळ रेषा व वर्तुळ; नववी-दहावीच्या त्रिकोणमितीवर तर जवळजवळ अर्धी अकरावी. जो मुलगा दहावीत रचना व सिद्धता पाठ करून पार पडतो, तो अकरावीच्या दिवाळीपर्यंत खचतो. दोष बुद्धीचा नसतो, खालची पायरी पोकळ असते.

येथे एक गैरसमज सांगावयास हवा. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष, असे आपल्याकडे सर्रास मानतात, कारण परीक्षा महाविद्यालयच घेते. पण अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशपरीक्षेत सुमारे पाचवा हिस्सा प्रश्न अकरावीचे असतात, आणि 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे.

आता सोडल्याचा परिणाम. वैद्यकीय शिक्षणास बारावीचे गणित लागत नाही. ज्याचे मन तेथे निश्चित आहे त्याने ते खुशाल सोडावे. परंतु गणित सोडणाऱ्यांपैकी कितीजण वैद्य होतात, हे आपण सारे जाणतो. आमच्या माहितीतील खालापूरकडील एक मुलगी दहावीत गणितात उत्तम गुण मिळवून आली. घरच्यांनी जीवशास्त्र घ्यावयास लावले, कारण "मुलीच्या जातीला गणित कशाला?" दोन वर्षांनी तिला हवाईदलात जाण्याची इच्छा झाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींना 2021 पासून उघडले आहे. परंतु नौदल व हवाईदलाच्या शाखांस बारावीचे गणित व भौतिकशास्त्र अनिवार्य आहे. दार उघडे, आणि उंबरठ्यावर मुलगी उभी! वास्तुशास्त्र, गणिताची वा संख्याशास्त्राची पदवी, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राची विशेष पदवी, या सर्वांस बारावीचे गणित लागते. मुलांचे गणित ठेवावयाचे आणि मुलींचे सोडावयाचे, ही रीत आपल्या ज्ञातीत अद्याप आहे. ती आम्हांस मान्य नाही, आणि हे या व्यासपीठावरून बोलावयास आम्ही कचरत नाही.

ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे लवकर कमावते व्हावयाचे आहे, त्यांच्यासाठी दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका आहे. पेण येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविका उत्तम रीतीने पुरी करणाऱ्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो. ही वाट कमी प्रतिष्ठेची समजतात, ते अन्यायाचे आहे. मात्र पदविकेतही पहिल्याच वर्षी गणित समोर येते, तेव्हा त्याला चुकविण्याची ही पळवाट नव्हे.

2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचविण्यात आले, की गणितात वा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळविणाऱ्यासही पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याने हे विषय पुढे घेऊ नयेत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नापासाच्या शिक्क्यापेक्षा हे बरे, हे खरे. तरीही पंधरा वर्षांच्या मुलाच्या कागदावर कायमचे "गणित नाही" असे लिहिले जावे, हे आम्हांस रुचत नाही.

मराठी माध्यमातील मुलांची अडचण वेगळीच आहे. डोलवलीकडून वा कडाव, कळंबकडून येणारा मुलगा दहावीपर्यंत 'समरूप त्रिकोण' म्हणतो आणि अकरावीत पहिल्याच तासास ते सारे इंग्रजीत ऐकतो. त्यास गणित येत नाही असे नसते. त्याला फक्त नावे ठाऊक नसतात. शंभर-दीडशे संज्ञा मे महिन्याच्या सुट्टीत एका वहीत दोन्ही भाषांत लिहून काढल्या, तर निम्मी भीती जाते. हे आम्ही अनेकांकडून करवून घेतले आहे. आपल्याच जिल्ह्यातील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे गेल्याच्या गेल्या शतकात थोर गणिती म्हणून नावाजले, लोकमान्य टिळकांचे गुरू झाले. गणितास मराठीचे वावडे नाही, हे त्यांच्याकडे पाहून ध्यानात यावे.

आणि "याचा उपयोग काय" म्हणणाऱ्यांनी स्टेशनावर जाऊन पाहावे. कर्जतहून लोणावळ्याकडे निघणाऱ्या गाडीस मागून ढकलणारी इंजिने का जोडतात? घाटात रूळ दर 37 फुटांस एक फूट चढतो. दहावीच्या भाषेत, टॅन्जन्ट एक छेद सदतीस. कोन दीड अंशाहून किंचित अधिक. डोळ्यांस जवळजवळ सपाट भासणारा हा चढ गाडीस किती भारी पडतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. त्याचे गणित मुलास एकदा घरीच करावयास सांगावे.

अकरावीचा प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागला आहे. अर्जात शाखा व महाविद्यालयांचा क्रम लिहावा लागतो. तो क्रम लिहिण्यापूर्वी त्या महाविद्यालयात गणित शिकविण्याची सोय आहे काय, प्राध्यापक कायम आहेत काय, आणि गाडीची वेळ तासांशी जुळते काय, या तीन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्या. ज्यांच्या घरी यंदा नववी-दहावीची मुले आहेत त्यांनी सभा संपल्यावर मुलांसह थांबावे. गेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोबत असल्यास उत्तम. गुणांपेक्षा मूल कोठे अडले, हे त्यांवरून लवकर कळते.