बुजवू नका, झाका

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



‘सुट्टीच्या दिवशी कॅमेरा आणि दोर घेऊन तुम्ही बिदरकडे काय शोधत फिरता, ते एकदा सांगा,’ असा मंडळाचा आग्रह होता. आम्ही म्हणजे चार-पाच सरकारी नोकर, बहुतेक डिप्लोमावाले. इतिहासाचे पंडित नव्हे. उतार, खोली, दगड, माती एवढ्या गोष्टी नोकरीमुळे कळतात. तेव्हा हे भाषण तेवढ्याच बेताचं समजावं.

आम्ही शोधतो ते सोडून दिलेले उभे आड. खाणीत उतरायला जमिनीत सरळ खाली खड्डा खणतात, तसेच. आपल्या भागाला खाणी नव्या नाहीत. रायचूर जिल्ह्यात हट्टीला आजही सोनं निघतं, आणि तिथं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खणलेले खड्डे कित्येकशे फूट खोल गेलेले सापडले आहेत. शहाबादची फरशी तर इथल्या प्रत्येकाच्या घरात आहे. पण बिदरच्या माळावर जी खाण आहे, ती पाण्याची. विद्या खाणीचीच, माल तेवढा वेगळा.

गाणगापूर आपल्याच तालुक्यात. त्यामुळे गुरुचरित्र इथं घरोघरी वाचलं जातं. त्यातला वैदुरानगरीचा राजा आठवा. मांडीवर फोड झालेला तो यवन राजा आधी पापविनाशी तीर्थावर जातो आणि तिथून गाणगापूरला श्रीगुरूंच्या दर्शनाला येतो. वैदुरानगरी म्हणजे बिदर. पापनाशाचं देऊळ आणि पाणी तिथं आजही आहे. नानक झिरा आहे. आणि झरणी नरसिंह तर इथल्या कित्येकांनी केलेला आहे. भुयारात कमरेभर पाण्यातून चालत देवापर्यंत जायचं, डोक्यावर वटवाघळं. नदी नसलेल्या उंच पठारावर इतकं पाणी येतं कुठून, असा प्रश्न कधी तरी मनात आलाच असेल.

उत्तर दगडात आहे. बिदरचं पठार वरून जांभ्याचं आहे. जांभा म्हणजे छिद्राछिद्रांचा लाल दगड, पावसाचं पाणी सहज पिणारा. त्याखाली काळा कातळ, तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. म्हणून मुरलेलं पाणी दोन दगडांच्या सांध्यावर साठतं आणि जिथं वाट मिळेल तिथून झरतं. आपल्याला भीमा आहे, सोन्नचं बॅरेज आहे. बिदरची मांजरा मात्र पठाराच्या खालून वाहते. वरच्या शहराला हे मुरलेलं पाणीच गाठायला हवं होतं.

पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीनं राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली. त्या दरबारात इराणकडून आलेली पुष्कळ माणसं होती. 1472 चा मदरसा बांधणारा महमूद गवान हा इराणातल्या गिलानचाच. इराणात जमिनीखालून पाणी आणण्याची विद्या फार जुनी आहे. तिथल्या अशा भुयारांची 2016 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. बिदरला या भुयारांना करेझ म्हणतात, आपली माणसं सुरंग बावी म्हणतात.

काम असं चालतं. उंचावर एक मूळ विहीर. तिथून गावाच्या दिशेनं अगदी मंद उताराचं भुयार. उतार जास्त झाला तर पाणी तळ कापतं, कमी झाला तर गाळ बसतो. भुयाराच्या वाटेवर ठरावीक अंतरानं वरून खाली उभे आड. खणताना माती या आडांतून वर काढायची, हवा यांतूनच आत जायची, पुढं गाळ काढायलाही हेच दार. दोन शेजारच्या आडांत उतरून खणणारे एकमेकांच्या दिशेनं खणत यायचे आणि मध्ये भेटायचे. ओळंबा, दिवा आणि दोरी एवढ्या साधनांवर हा उतार साधला आहे. आमच्या हातात लेव्हल मशीन असतं, तरी नालीचा उतार धरताना घाम फुटतो, हे इथं बसलेले कंत्राटदार सांगतील.

बिदरला नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशा तीन जागी ही व्यवस्था आहे. नौबादचं भुयार दोन किलोमीटरहून लांब असून त्यावर 21 आड मोजले गेले आहेत. केरळचे भूगोलाचे प्राध्यापक वल्लियिल गोविंदनकुट्टी यांनी बिदरच्या तरुणांना बरोबर घेऊन त्याचा मागोवा घेतला, आणि 2010 नंतरच्या दशकात गाळ काढण्याचं कामही झालं. मोठं श्रेय त्यांचं. आम्ही त्यांच्या मागून जाऊन एकेका तोंडाचा फोटो आणि नोंद करणारे.

तोंड सापडतं कसं? एक, ते कधी एकटं नसतं. दोन-तीन आड सापडले की उपग्रहाच्या नकाशावर त्यांची रेघ दिसू लागते आणि पुढचा कुठं असेल याचा अंदाज येतो. दोन, झाड. उन्हाळ्यात माळ करपलेला असताना एखादंच उंबराचं किंवा पिंपळाचं झाड हिरवंगार दिसलं, तर जवळ जाऊन पाहावं. तीन, गुराखी. नकाशात नसलेलं तोंड त्यांना ठाऊक असतं, कारण त्यांना शेळ्या सांभाळायच्या असतात. ‘तळ नाही साहेब त्याला,’ असं ते सांगतात. आम्ही दोराला वजन बांधून सोडतो. तळ लागतो. लागलेला आकडा वहीत लिहितो.

फोटो काढायचीही रीत आहे. प्रत्येक तोंडाचे तीन फोटो: एक लांबून, शेजारचा रस्ता किंवा घर दिसेल असा, एक तोंडाचा आणि एक आतला. तोंडाशेजारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सर्व्हेची काठी ठेवायची, म्हणजे माप कळतं. पाटीवर क्रमांक, तारीख आणि उत्तर दिशा. आतला फोटो सर्वांत अवघड, कारण आत अंधार. बिदरला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत सव्वाबाराच्या सुमारास काही मिनिटं ऊन सरळ आडात उतरतं. जांभ्याच्या भिंतीवरचे खणण्याचे घाव तेव्हा स्पष्ट दिसतात. एरवी कॅमेरा लांब काठीला बांधून आडावर धरतो.

तरुण मुलांनी इथं नीट ऐकावं. आम्ही आत उतरत नाही. जुन्या आडात प्राणवायू कमी असू शकतो, साठलेला वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच राहतो. विहीर उपसताना अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. काठही आतून पोखरलेला असतो, वरून घट्ट दिसतो. म्हणून वाकायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या फेरीत फोटो काढलेलं एक तोंड दुसऱ्या फेरीला आम्हाला दिसेना. प्लॉट सपाट करताना मुरूम टाकून बुजवलं होतं. मालकाशी बोललो. माणूस सज्जन. म्हणाला, ‘इथं पोरं खेळतात, उद्या कुणी पडलं तर?’ त्याचं काय चुकलं? 2024 च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या इंडी तालुक्यात लच्याण गावी एक लहान बाळ उघड्या बोअरवेलमध्ये पडलं. सुमारे वीस तासांच्या धडपडीनंतर ते जिवंत बाहेर आलं तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास सोडला. तोंड उघडं ठेवा, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

पण आड म्हणजे सुटा खड्डा नव्हे. रेघेतला एक आड बुजला की त्याचा मुरूम खाली भुयारात जातो, पाणी अडतं, आणि वरच्या बाजूचे सगळे आड निरुपयोगी होतात. छत्रपती संभाजीनगरच्या नहरींचं असंच होत आलं आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकात घातलेली नहर बरीचशी इमारती, रस्ते आणि कचरा यांखाली गेली. उलट बऱ्हाणपूरचा 1615 चा कुंडी भंडारा पाहा. तिथं एका कुंडीत लिफ्टनं उतरून लोक वाहतं पाणी बघतात.

म्हणून आमचं म्हणणं तीन शब्दांचं आहे: बुजवू नका, झाका. गुडघ्याच्या वर कठडा आणि त्यावर लोखंडी जाळी. मूल पडत नाही, हवा जाते, गाळ काढायची वाट राहते. त्या मालकाला आम्ही जुना फोटो दाखवला, आडाची रेघ कुठून कुठं जाते ते कागदावर काढून दिलं. त्याच्या हद्दीत पुढचा एक आड अजून उघडा होता. त्यावर त्यानं स्वतःच्या खर्चानं जाळी बसवली. बुजलेला मात्र बुजलेलाच आहे. तिथं काय होतं, याचा पुरावा म्हणून आमचे तीन फोटो आणि वहीतली एक ओळ उरली आहे. झाकण्याआधी नोंद का करायची, ती यासाठी.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. लातूर बिदरपासून फार लांब नाही. बोअर मारत मारत पाणी भुयाराच्याही खाली गेलं, तर जाळी लावून आड वाचेल, पाणी वाचणार नाही, हेही खरं. पण मुरायची वाट मोकळी असेल तर पुढच्या चांगल्या पावसाला आशा राहते. वाट बुजवली तर तीही नाही.

शेवटी आपल्या अफजलपूरचं. इथं करेझ नाही, पण जुन्या बावी गावोगाव आहेत. मंडळाच्या मुलांनी यंदा प्रत्येकानं एक बावी घ्यावी, तीन फोटो काढावेत, खोली मोजावी, घरातल्या आजोबांना तिचं नाव विचारून लिहावं. सोडून दिलेली बोअर दिसली तर ग्रामपंचायतीला कळवून टोपण बसवून घ्यावं. आणि परवा विसर्जन आहे. निर्माल्य आणि मूर्ती जुन्या बावीत टाकण्याची सवय आपल्यातही आहे. यंदा निर्माल्याला कलश ठेवू या. बाप्पाला निरोप पाण्यात द्यायचा आहे, आणि पुढच्या वर्षीही पाणी लागणार आहे.



गणपती बाप्पा मोरया!