जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगतचा रे रोड हा भाग केवळ पाहावयास म्हणून सहसा कोणी जात नाहीं. १८८५ ते १८९० या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचें नांव त्यास मिळालें, आणि कुर्ल्याहून निघालेली हार्बरची आगगाडी १९१० सालीं येथपर्यंत येऊन थांबूं लागली. शेजारीं दारुखाना. तेथें अनेक दशकें जुनीं जहाजें मोडण्यांत आलीं आणि त्यांचा पत्रा, साखळदंड, पितळ हें सारें वजनावर विकलें गेलें. जुन्या वस्तूकडे एकवार पाहून तिचें आयुष्य संपलें कीं नाहीं हें ठरविणें, हा या वस्तीचा जणूं पिढीजात व्यवसाय होय. परंतु वस्तु मोडीत काढण्यापूर्वीं तिला खरोखर झालें आहे तरी काय, हें ओळखण्याची विद्या निराळी. थरथरणाऱ्या व खडखडणाऱ्या जुन्या उंची मोटारीच्या निमित्तानें त्या विद्येचा आज थोडा परिचय करून घ्यावयाचा आहे.

१९९५ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें, टेल्कोच्या कारखान्यांत, मर्सिडीझ-बेंझ मोटारींची जुळणी सुरू झाली. हिंदुस्थानांत जुळविलेल्या त्या पहिल्या गाड्या 'डब्ल्यू १२४' या घडणीच्या होत्या. यूरोपांत ही घडण १९८४ सालींच आली होती. त्यांपैकीं ज्या गाड्या आज रस्त्यावर आहेत, त्यांचें वय तीस वर्षांच्या घरांत गेलें आहे. त्या आतां श्रीमंतीचें चिन्ह राहिलेल्या नाहींत. बहुधा त्या कोणाच्या तरी वडिलांची आठवण म्हणून घरीं ठेवलेल्या असतात.

असें एक कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडिलांनीं हौसेनें घेतलेली गाडी मुलानें त्यांच्या मागें जपली. पावसाळाभर ती इमारतीच्या आवारांत ताडपत्रीखालीं उभी होती. दसऱ्यास पूजा करून बाहेर काढली, तों स्टिअरिंग हातांत कांपूं लागलें. एका गॅरेजनें चारी शॉकअब्सॉर्बर बदलले. दुसऱ्यानें चाकांचें बॅलन्सिंग दोनदां केलें. तिसऱ्यानें 'आतां हिच्यांत राम उरला नाहीं' म्हणून मोडीचा भाव सांगितला. पैसे गेले, थरथर राहिली, आणि 'यांची गाडी विकूं नकोस रे' असें म्हणणाऱ्या आईस काय उत्तर द्यावें, हें मुलास समजेना.

अशा वेळीं एखादा जाणता वृद्ध मिस्त्री पाना हातीं घेण्यापूर्वीं विचारील, "साहेब, गाडी काय करते तें मागाहून सांगा. केव्हां करते तें आधीं सांगा."

या 'केव्हां' मध्येंच सारी परीक्षा आहे. मोटारींतील प्रत्येक फिरता भाग आपापल्या गतीनें फिरतो व बिघडला म्हणजे त्याच गतीनें कांपतो. या गाडीचें मूळचें टायर १९५/६५ आर १५ या मापाचें. हिशेब केला तर त्याचा परीघ जवळजवळ २ मीटर भरतो. ताशीं ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर. अर्थात् त्या वेगास चाक सेकंदास १० फेरे घेतें. इंजिनाकडून मागील चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळीं सुमारें तिप्पट, म्हणजे सेकंदास ३० फेरे घेतो. उलट, गाडी उभी असून इंजिन मिनिटास ७५० फेऱ्यांनीं मंद चालत असेल, तर चार सिलिंडरांचे मिळून सेकंदास २५ ठोके पडतात. दहाचा कंप हातास थरथरीसारखा लागतो. तिसाचा कंप बैठकीखालीं बधिर गुणगुणीसारखा लागतो. शाळेंतल्या त्रैराशिकाइतकें हें गणित सोपें आहे, आणि अंदाजानें बदललेल्या चार सुट्या भागांपेक्षां तें पुष्कळच स्वस्त आहे.

म्हणून पहिली कसोटी उभ्या गाडीची. गाडी न्यूट्रलमध्यें उभी करून इंजिनाची गति हळूहळू वाढवावी. तेवढ्यानेंच थरथर होत असेल तर चाकांकडे बोट दाखवूं नये. इंजिन किंवा ज्या रबरी माउंटिंगांवर तें बसलें आहे तीं माउंटिंगें पाहावीं. उभ्या गाडींत कांहींच न होतां विशिष्ट वेगासच कंप येत असेल, तर मात्र दोष चाकांत, शाफ्टांत किंवा त्यांच्या आधारांत आहे.

दुसरी कसोटी चालत्या गाडीची. आणि तिच्यासाठीं रे रोडसारखी जागा मिळणें कठीण. खालीं मालमोटारींच्या वर्दळीनें दबलेला, उंचसखल रस्ता. आणि जवळच बंदराच्या बाजूनें गेलेला, २०१३ सालीं खुला झालेला पूर्व मुक्त मार्ग. एकाच सकाळीं, वाहतूक विरळ असतांना, वेगाची मर्यादा पाळून गाडी दोहोंवरून न्यावी. वरच्या सपाट मार्गावर फिरत्या भागांचे दोष बोलतात, खालच्या खडबडीत रस्त्यावर सांध्यांचे दोष बोलतात. दोघांना एकदम बोलूं दिलें म्हणजे कोणाचेंच म्हणणें नीट ऐकूं येत नाहीं.

वरच्या मार्गावर चार गोष्टी पाहावयाच्या. प्रारंभींचे कांहीं किलोमीटर धडधड होऊन पुढें ती आपोआप विरली, तर गाडी फार दिवस एकाच जागीं उभी राहून टायरांस सपाट डाग पडला होता. टायर तापले कीं तो बहुधा भरून येतो. थरथर स्टिअरिंगमध्यें असेल तर पुढच्या चाकांकडे पाहावें, बैठकींत असेल तर मागच्या चाकांकडे. केवळ ब्रेक लावतांना कंप येत असेल तर ब्रेकच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाहीं असा संशय घ्यावा. आणि गाडीस ओढ देतांना कंप येऊन ॲक्सलरेटर सोडतांच तो नाहींसा होत असेल, तर प्रोपेलर शाफ्टच्या टोकांस असलेल्या जाड रबरी चकत्या व शाफ्टचें मधलें बेअरिंग तपासावें. त्या चकत्यांस बोल्टांच्या भोंवतीं बारीक भेगा पडतात. गाडीखालीं दिवा धरणाऱ्यास त्या दिसतात, पण वरून आवाजावर अंदाज बांधणाऱ्यास त्या कधींच दिसत नाहींत.

येथें एक शंका येईल. चाकावरील तोल चुकून चुकणार तो किती? रिमच्या कडेशीं अवघे ३० ग्रॅम वजन अधिक असलें, तर वर सांगितलेल्या ७२ किलोमीटरच्या वेगास तें दर फेऱ्यांत सव्वादोन किलो वजनाइतका हिसका देतें, आणि तोहि सेकंदास १० वेळां. वेग दुप्पट झाला तर हिसका चौपट होतो. तरीहि दीड हजार किलोच्या आसपास वजन असलेल्या गाडीस एवढ्यानें कांपरें भरण्याचें कारण काय?

कारण झोपाळ्यांत सांपडतें. लहान मूलहि योग्य लय साधून रेटा देत गेलें तर मोठ्या माणसाचा झोपाळा उंच नेऊं शकतें. मोटारीचें चाक, त्याची डिस्क व त्यास धरणारे दांडे यांचा मिळून एक स्वतःचा झोका असतो. तो साधारणपणें सेकंदास १० ते १५ वेळां होतो. चाकाचे फेरे त्या लयीशीं जुळले कीं क्षुल्लक दोष मोठा होऊन बसतो, आणि वेग आणखी बदलला कीं लय सुटून तो कमी होतो. हा झोका आवरण्याचें काम शॉकअब्सॉर्बर, रबरी बुश व घट्ट सांधे यांचें. म्हणून प्रत्येक कंपाचा एक जनक असतो आणि एक पोशिंदा असतो. तीस वर्षांच्या गाडींत जनक बहुधा किरकोळ असतो. पोशिंदा मात्र बळावलेला असतो. नुसता जनक शोधणारा पुन्हां पुन्हां बॅलन्सिंग करीत राहतो, आणि नुसत्या पोशिंद्यावर तुटून पडणारा निष्कारण नवे भाग घालीत राहतो.

मोटारविद्येच्या इतिहासांतहि हा धडा आलेला आहे. रे रोडच्या उत्तरेस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला होता. त्या काळच्या मोटारींचीं पुढचीं दोन्ही चाकें एकाच अखंड एक्सलवर बसविलेलीं असत. एक चाक उचललें कीं दुसरें कलंडे, फिरत्या चाकांचा भोंवऱ्यासारखा गुणधर्म त्यांत भर घाली, आणि विशिष्ट वेगास पुढची सारी चौकट थडथडूं लागे. रोल्स-रॉईसमधून अमेरिकेंत कॅडिलॅककडे गेलेले इंग्रज इंजिनिअर मॉरिस ऑली यांनीं प्रयोग करून ही गांठ सोडविली, आणि १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढें दोन स्वतंत्र चाकें मिळालीं. प्रवास सुखाचा झाला. पण अखंड एक्सलच्या जागीं अनेक दांडे, अनेक सांधे आणि पुढें अनेक रबरें आलीं. 'डब्ल्यू १२४' च्या मागील प्रत्येक चाकास तर पांच पांच दांडे आहेत. हें सुख रबरावर उभें आहे, आणि रबर गाडी चालली तरी म्हातारें होतें, न चालली तरी म्हातारें होतें.

आतां खालच्या रस्त्याकडे वळावें. गाडी सावकाश चालवून खिडक्या उघड्या ठेवाव्या व कान द्यावा. लहानशा उंचवट्यावर एकच 'टक्' असा आवाज आला तर सांध्यांत पोकळी आहे. उंचवटा ओलांडल्यावरहि गाडीचें अंग दोनतीनदां डोलत राहिलें तर शॉकअब्सॉर्बर थकले आहेत. आवाज कांहीं नाहीं, पण गाडी एका कोपऱ्यांत बसकी दिसते, तर स्प्रिंग किंवा तिच्याखालची रबरी गादी पाहावी.

याच ठिकाणीं अनेक गॅरेजें फसतात. या घडणींत पुढची स्प्रिंग खालच्या दांड्यावर टेकलेली असते, त्यामुळें गाडीचा भार खालच्या बॉल जॉइंटमधून चाकाकडे जातो. गाडी चौकटीखालीं जॅक लावून उचलली कीं स्प्रिंग तो सांधा ताणून धरते आणि झिजलेला सांधाहि घट्ट भासतो. जॅक खालच्या दांड्याखालीं, चाकाच्या शक्य तितका जवळ, घेऊन चाक उचललें म्हणजे ताण उतरतो. मग चाकाची वरची व खालची कड धरून हलविली कीं लपलेली पोकळी हातास कळते. गाडी भक्कम घोड्यांवर टेकविल्याविना, केवळ जॅकच्या भरंवशावर, कोणींहि तिच्याखालीं जाऊं नये. आणि दाबलेली स्प्रिंग काढण्याचें काम योग्य हत्यार असलेल्या जाणकारावरच सोंपवावें. ती निसटली तर जीव घेऊं शकते.

वरील कुटुंबाची गाडी या क्रमानें तपासली तर काय आढळेल? पहिली धडधड टायरांवरील डागाची. ती दहा किलोमीटरांत जाईल. उरलेली थरथर सत्तरऐंशीच्या वेगास, फक्त स्टिअरिंगमध्यें. टायरच्या कडेवरील चार आंकडे वाचले तर त्याची जन्मपत्रिका मिळते. २३१४ याचा अर्थ २०१४ सालचा तेविसावा आठवडा. टायर नक्षी शाबूत असूनहि वयानें कडक झालेलीं, हा जनक. खालच्या दांड्यांच्या बुशांस भेगा, हा पोशिंदा. आणि खालच्या रस्त्यावरचा तो 'टक्' म्हणजे बॉल जॉइंट, ज्याच्याकडे तिन्ही गॅरेजांपैकीं एकानेंहि पाहिलें नव्हतें. शॉकअब्सॉर्बर बदलण्याची निकड नव्हती, गाडी मोडीत काढण्याचीहि नव्हती. निकड होती ती त्या एका सांध्याची. कारण तो सुटला तर चाक गाडीखालून कलंडतें, आणि मग थरथरीचा प्रश्नच उरत नाहीं.

दुरुस्तींतहि एक पथ्य आहे. नवे बुश घातल्यावर त्यांचे मुख्य बोल्ट गाडी आपल्या चाकांवर, नेहमींच्या उंचीस उभी असतांनाच शेवटचे आवळावे. चाकें लोंबत असतांना आवळले तर गाडी खालीं येतांच रबर पिळलें जातें व थोड्याच महिन्यांत फाटतें; मग दोष भागास लागतो, चूक हाताची असते. मोडींतून आणलेलें रबर घालूं नये. लोखंडाचा भाग जुना चालेल, रबराचा चालणार नाहीं. सर्व झाल्यावर चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें, आधीं नव्हे.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, व त्यासाठीं गाडी तपासणीस न्यावी लागते. तो दिवस येईपर्यंत न थांबतां मालकानें एक लहान वही गाडींतच ठेवावी. तारीख, रस्ता, वेग, ब्रेक कीं ओढ, हातांत कीं बैठकींत, एवढें प्रत्येक वेळीं दोन ओळींत लिहावें. महिन्याभरानें ती वही मिस्त्रीच्या हातीं दिली तर त्याचें अर्धें काम झालेलें असेल व मालकाचा अर्धा खर्च वांचलेला असेल. इतकें करूनहि सांधे सुधारत नाहींत, चौकटच गंजली आहे, असें निष्पन्न झालें, तर रे रोडचे भंगारवाले कोठें जात नाहींत. पण त्यांच्याकडे जाण्यापूर्वीं त्या घरच्या मुलानें आईस एकदां मागच्या बैठकीवर बसवून खालच्या रस्त्यानें न्यावें, आणि 'टक्' ऐकूं येतो कां, हें तिलाच विचारावें.