दप्तर घरी ठेवून

दरवर्षी आमच्या महाविद्यालयात खेड्यांतून मुलं येतात. मी विचारतो, "बाबा रे, हीच शाखा का घेतलीस?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "मित्रानं घेतली म्हणून!" दोष मुलांचा नाही. गुरुजी, तलाठी, कंडक्टर नि पोलीस यांच्यापलीकडचं कामाचं जग त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं.

एकदा वर्गातला पंखा बंद पडला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि घटकाभरात त्यानं तो सुरू केला. मी म्हटलं, "तू वायरमनचं का नाही शिकलास?" म्हणाला, "वडील म्हणाले, शिकल्यासवरल्यानं का पान्हा धरायचा?" तो मुलगा पुढं बी.ए. झाला आणि कित्येक वर्षं अर्ज करीत राहिला. त्याच्या वडिलांना चार शब्द सांगायला मी गेलो नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

हाताच्या कामाला बुद्धी लागत नाही, हा समज खोटा आहे. संशोधनातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन, खाद्यपदार्थ बनवणं, सारं मुलामुलींनी मिळून करायचं. हात चालले की पुस्तकातलं विज्ञानही उमगतं.

प्रत्येक शाळेला एवढं जमेल असं नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. गुरुजनहो, तोच कित्ता नववी-दहावीला गिरवा. मुलांना दूध संकलन केंद्रात, गॅरेजात, आरोग्य केंद्रात, बँकेत न्या. तिथल्या माणसाला त्यांनी चारच प्रश्न विचारावेत: दिवसभर काय करता? हे कुठं शिकलात? मिळकत बारमाही की हंगामी? या कामात अवघड काय? उत्तरं वहीत लिहून घ्यावीत.

आणि पालकहो, आय.टी.आय. ही नापासांची धर्मशाळा नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानं तर कारखान्यात शिकता शिकता विद्यावेतनही मिळतं. मुलगा असो वा मुलगी, शाखा ठरवण्याआधी त्यांना एवढंच विचारा, "तुझा हात कशात रमतो?" आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा.