संकटकाळातील कर्ज आणि राजकारण
(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेल्यामुळे पैसा कोठून आला, याइतकाच तो कोणत्या नियमाने वाटला गेला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. २०२० च्या करोना साथीत तो जागतिक पातळीवर उभा राहिला.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीजवळ संकटग्रस्त सदस्य राष्ट्रांसाठी तातडीच्या कर्जाची सोय आहे. तिच्यात दीर्घ वाटाघाटी व नेहमीच्या कडक अटी नसतात. त्या मार्चमध्ये इराणने ५ अब्ज डॉलर मागितले. कित्येक दशकांतील ही त्याची पहिलीच मागणी होती. पैसा आरोग्याऐवजी अन्यत्र वळवला जाईल, असे सांगून अमेरिकेने विरोध केला आणि ते कर्ज मिळाले नाही. १७ मार्च रोजी व्हेनेझुएलानेही तेवढीच रक्कम मागितली. तेथील सरकारच्या मान्यतेविषयी सदस्य राष्ट्रांत एकमत नाही, या कारणास्तव त्याच दिवशी नकार आला. पुढच्याच महिन्यात नायजेरियाला ३.४ अब्ज आणि पाकिस्तानला सुमारे १.४ अब्ज डॉलर मंजूर झाले. साथ मात्र चारही देशांत होती.

नाणेनिधीत मताचे वजन प्रत्येक राष्ट्राच्या आर्थिक वाट्यावर ठरते. अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत. काही मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागत असल्याने तेथे तिला नकाराधिकारच आहे. कर्जमंजुरीस साधे बहुमत पुरते; परंतु निर्णय बहुधा सहमतीने होतात आणि मोठ्या भागधारकाचा विरोध असता सहमती जुळणे कठीण जाते.

देणाऱ्याची शंका नेहमीच निराधार असते, असे मी म्हणणार नाही. परंतु शंकेवर उपाय असतो. जून २०२० मध्ये व्हेनेझुएलातील परस्परविरोधी दोन्ही पक्षांनी साथनिवारणाच्या निधीचे काम पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेकडे सोपविण्याचा करार केला. वैर कायम राहिले, तरी उपचारांसाठी वाट निघाली.

आपल्या निर्धन रुग्ण निधीचा व्याप त्या मानाने अगदी लहान आहे. कसोटी मात्र तीच आहे. म्हणून पात्रतेचे निकष साथ येण्यापूर्वी लेखी ठरलेले असावेत, प्रत्येक नकाराचे कारण नोंदले जावे आणि शिफारसपत्राने रांग बदलू नये, एवढी माझी विनंती आहे. देणगीदारास पै-पैचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि तो आम्ही आनंदाने देऊ. रुग्ण कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न मात्र या वास्तूत विचारला जाऊ नये.